दिवाडी : भात, मासा आणि मधलं दार

जुने गोव्याच्या धक्क्यावरून सुटलेली फेरीबोट दिवाडीला इतक्या लवकर लागते की स्कूटरवरून उतरावं की बसून राहावं, हे ठरेपर्यंत पलीकडचा उतार समोर येतो. पायी चढणाऱ्याला तिकीट नाही. सकाळच्या बोटीत शाळेची मुलं, गॅसचे सिलिंडर, दुधाचे क्रेट आणि पणजीला कामावर निघालेली माणसं असतात. पर्यटक सहसा नसतो. तो मागच्या काठावर बॉम जेजू चर्चच्या रांगेत उभा असतो.

मांडवीच्या या दोन काठांचं नशीब एकमेकांच्या अगदी उलट निघालं. 1510 मध्ये आफोंसो दी आल्बुकेर्कने गोवा घेतला आणि दक्षिणेच्या काठावर पोर्तुगिजांच्या पूर्वेकडच्या साम्राज्याची राजधानी उभी राहिली. साथींनी ते शहर पोखरलं, माणसं हळूहळू पणजीकडे सरकली, 1843 मध्ये राजधानीचा मानही तिकडे गेला. मागे राहिली ती चर्चं. समोरच्या बेटावर राजधानी कधीच नव्हती, भात होतं, आणि आजही आहे. साम्राज्याच्या इतक्या शेजारी राहून शेतीचं बेट शेतीचंच राहिलं. याचं श्रेय इथली माणसं घेतील तेवढं त्यांना द्यावं, पण त्यातला मोठा वाटा एका लाकडी झडपेचा आहे.

नदीच्या खाली पिकणारं शेत

दिवाडीच्या मधोमध टेकडी आहे. तिच्या माथ्यावर पिएदादचं पांढरं चर्च, उतारावर बाल्कांव, म्हणजे दारापुढची बैठक, असलेली जुनी घरं, माड, फणस, आंबे. टेकडीवरून खाली पाहिलं की भातशेतीचं सपाट मैदान दिसतं आणि त्याच्या कडेने नदी. नीट पाहणाऱ्याला थोड्या वेळाने एक गोष्ट खटकते. भरतीच्या वेळी नदीचं पाणी शेताच्या पातळीपेक्षा वर असतं.

गोव्यातला शेतकरी जमिनीची विभागणी उंचीवर करतो. डोंगरउताराची ती मोरड, मधली वालुकामय ती खेर आणि सगळ्यात खालची, खाडीच्या पाण्यातून बांध घालून मिळवलेली ती खाजन. गोव्यात सतरा-अठरा हजार हेक्टर खाजन जमीन असल्याचं सांगितलं जातं. दिवाडी, शेजारचं चोडण आणि मांडवी-झुवारीच्या काठांवरची कितीतरी गावं तिच्यावर वाढली. ही युक्ती पोर्तुगिजांनी आणलेली नाही. कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्मा या राजाच्या बांदोडे ताम्रपटात खाजन जमिनीच्या दानाचा उल्लेख आहे, आणि तो ताम्रपट सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा आहे.

रचना ऐकायला सोपी आहे. नदीच्या कडेने बांध. आतल्या बाजूने चिखल, पेंढा, बांबू, झाडांच्या फांद्या; नदीच्या बाजूने लाटा झेलायला जांभ्या दगडाची पिचिंग. बांधात ठरावीक ठिकाणी पाण्याला वाट ठेवलेली असते आणि त्या वाटेवर दार. या दाराला म्हणायचं मानस. मानशीची झडप वरून टांगलेली असते. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरलं की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. भरती आली की नदीचाच दाब तिला घट्ट मिटवतो. वीज लागत नाही, पहारेकरीही लागत नाही. चंद्र जे करतो त्याचाच उपयोग करून घेतलेला.

दाराच्या आत पोंय असते, म्हणजे पाण्याचा खोलगट साठा, आणि तिथून शेतांत पसरलेले चर. उधाणाच्या भरतीला जास्तीचं पाणी आत शिरलंच तर ते आधी पोंयीत मुरतं, शेतात चढत नाही. पावसाळ्यात उलटं होतं. आभाळातून येणारं गोडं पाणी शेतात साचतं, मातीतलं मीठ धुऊन घेतं आणि चरातून, पोंयीतून, मानशीतून नदीत जातं. मांडवीही त्या चार महिन्यांत घाटावरच्या पुराने जवळपास गोडी झालेली असते. मीठ धुतलं गेलं की पेरणी.

बांधाचे शत्रू पुष्कळ. त्यातला सगळ्यात जुना शत्रू जेवायला फार चांगला लागतो. खाडीतला खेकडा, म्हणजे इथली कुर्ली, बांधात बिळं करते, बिळातून पाणी झिरपतं, आणि उधाणाच्या एका रात्री झिरपण्याचं भगदाड होतं. त्यामुळे बांधावर कुर्ल्या पकडत फिरणारा माणूस आपल्या कालवणाची सोय करतो आणि वाटेत बांधाची राखणही. नवा शत्रू यंत्राचा होता. डिचोली, सत्तरीच्या खाणींतलं लोहखनिज बार्जांतून मांडवीने मुरगावला जायचं, आणि बार्ज गेली की तिच्या लाटा दोन्ही काठांच्या बांधांवर आदळायच्या. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. गोव्याच्या अर्थव्यवस्थेला हादरा बसला. बांधांना उसंत मिळाली.

काटेवाला कोरगुट

खाजनात कुठलंही भात येत नाही. इथला जुना मुक्कामी वाण म्हणजे कोरगुट. उंच वाढणारं रोप, टोकाला कूस असलेला दाणा, आत जाडसर तांबूस तांदूळ. त्याला थोडं मीठ चालतं, दोन-चार दिवस बुडून राहणंही चालतं. खत मागत नाही. उत्पन्न मात्र बेताचं देतो, आणि उंच असल्यामुळे वाऱ्यात आडवा पडतो. म्हणून अनेकांनी ज्योती, जया यांसारख्या वाणांची वाट धरली. ज्योतीचं तांबडं भात गोव्यातल्या ताटात इतकं रुळलंय की तो वाण केरळातून आला, हे आता कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. पण बांध फुटला, खारं पाणी आलं, की ज्योती मान टाकतो आणि सगळ्यांना कोरगुट आठवतो.

फेरीच्या पलीकडे, जुने गोव्यातल्या एला इथे, भारतीय कृषी संशोधन परिषदेचं किनारी शेतीचं केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांकडचं कोरगुट गोळा केलं, त्यातून जास्त देणाऱ्या ओळी निवडल्या आणि त्या गोवा धान 1 आणि गोवा धान 2 या नावांनी पुढे आल्या. नवा वाण म्हणजे कुठून तरी लांबून आलेली पिशवी, असा शेतकऱ्याचा अनुभव असतो. इथे आजोबांचंच बियाणं निवडून-पाखडून नातवाच्या हातात आलं. हे बिऱ्हाडाच्या शेजारी घडलं याचं दिवाडीत फारसं कौतुक ऐकू येत नाही. बियाण्यापेक्षा मोठा प्रश्न हातांचा आहे.

लावणीच्या दिवसांत शेतात दिसतात त्या बहुतेक वयस्कर बायका. मुलं आखातात, इंग्लंडमध्ये, जहाजावर, नाहीतर पणजीच्या कार्यालयांत. टेकडीवरच्या मोठ्या घरांतली कित्येक वर्षातून एकदाच, सणाला उघडतात. पडीक खाजनाचं एक वैशिष्ट्य असं की ते फार काळ पडीक राहत नाही. बांधाकडे दुर्लक्ष झालं की खारं पाणी आत येतं, पाण्याबरोबर खारफुटीची बी येते, आणि काही वर्षांत भाताच्या जागी खारफुटीचं रान उभं राहतं. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, ते असायलाही हवं. पण मग परत आलेल्या मालकाला आपल्याच शेतात कोयता लावता येत नाही. किनारी नियमन क्षेत्राच्या 2011 च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांच्या रक्षणासाठी वेगळी तरतूद आहे. खाजन वाचवायचं की खाजनात उगवलेली खारफुटी, यातला पेच मात्र गावोगाव वेगळा सुटतो, किंवा सुटत नाही.

दार कुणी उघडायचं

भात कापून झालं की तेच शेत, तोच चर, तीच पोंय मासळीची होते. दिवाळीच्या आगेमागे कापणी उरकते. त्यानंतर पावसाळ्याच्या तोंडापर्यंत मानस उघडून भरतीचं पाणी बेताने आत घेतात. पाण्याबरोबर सुंगटं येतात, शेवटे, काळुंद्रं, चणक येतात, पोंयीत वाढतात. ओहोटीला दाराच्या तोंडाशी पिशवीसारखं जाळं लावलं की बाहेर पडणारी मासळी त्यात सापडते. सगळ्यात चांगली मिळकत अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, कारण तेव्हा पाण्याची चढउतार मोठी. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या भरतीला, जाळं जेमतेम भिजतं.

मानशीवर मासळी धरण्याचा हक्क लिलावाने दिला जातो. दिवाडीच्या सगळ्या शेतीचं राजकारण या लिलावात आहे.

पूर्वी हा लिलाव गावकरी करायची, म्हणजे गावाची मूळ जमीनधारक संस्था. पोर्तुगिजांनी तिला कोमुनिदाद हे नाव दिलं, पण तिचे नियम त्यांच्या आधीपासूनचे. ते नियम 1526 मध्ये आफोंसो मेशिया याने लिहवून घेतले. त्या फोरालच्या, म्हणजे सनदेच्या, आरंभी गावकारांच्या उगमाची हकिगत आहे : पूर्वी कधीतरी चार माणसं एका ओसाड बेटावर गेली, त्यांनी ते लागवडीखाली आणलं, त्यांची व्यवस्था इतकी चांगली चालली की त्यांना गावकार म्हणू लागले. दिवाडी ज्यात मोडते त्या तीस गावांच्या तिसवाडीत ही हकिगत बेटापासून सुरू होते, हे दिवाडीच्या बांधावर उभं राहिलं की पटतं. माणूस एकटा बांध घालू शकत नाही. ज्याचं शेत नदीपासून सगळ्यात लांब, त्याचंही पोट नदीकाठच्या बांधावर अवलंबून. म्हणून जमीन संस्थेची, लिलाव संस्थेचा, त्यातून आधी बांधांची डागडुजी, देवस्थान, गावाचा खर्च, आणि उरेल ते गावकारांना जोण म्हणून वाटायचं.

गोवा मुक्त झाल्यावर 1964 चा कूळ कायदा आला. कसणाऱ्याला संरक्षण मिळालं, पुढच्या दुरुस्त्यांनी त्याला मालकीची वाट खुली केली. न्यायाच्या दृष्टीने हे व्हायलाच हवं होतं. गावकरीचा कारभार ज्यांच्या हातात होता त्यात कसणारा सहसा नव्हता, बायका तर नव्हत्याच. बांध आणि मानस यांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. पण कोमुनिदादचा हक्क सुटला आणि तिची काळजीही सुटली, तेवढ्या वेगाने नवी संस्था रुजली नाही. भाताचा भाव पडलेला, मजूर महाग. मासळीचा, विशेषतः सुंगटांचा भाव चढता. मानस घेणाऱ्या ठेकेदाराचं गणित उघड आहे : पाणी जितकं जास्त आणि जितका काळ आत, तितकी मासळी जास्त. मग बेत सुटतो, दार पावसाळ्याच्या तोंडापर्यंत सताड उघडं राहतं, पाणी चरातून शेतात चढतं, मीठ धुवायला पाऊस कमी पडतो. गोव्यातल्या कितीतरी खाजनांत बांध रातोरात फुटल्याच्या तक्रारी झाल्या, आणि तो खेकड्याने फोडला की पहारीने, याचं उत्तर गावात सगळ्यांना ठाऊक असतं, कागदावर कुणीच लिहीत नाही.

भात आणि मासा हे खाजनाचे दोन हंगाम होते. आता ते दोन पक्ष झाले आहेत.

काठापलीकडे गेलेला देव

बेटाच्या उत्तरेकडच्या नार्वे गावात, झाडोऱ्यात, एका देवळाच्या जागेच्या खुणा आहेत. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंबांचं दैवत. त्यांच्या बिरुदांत आणि नाण्यांवरही ते नाव येतं. बहामनी काळात देऊळ मोडलं, विजयनगरच्या अमलात पुन्हा उभं राहिलं, आणि सोळाव्या शतकाच्या मध्यावर पोर्तुगिजांनी ते पाडलं. लिंग भाविकांनी नदीपार, पोर्तुगिजांच्या सत्तेबाहेर असलेल्या डिचोलीच्या मुलखात नेलं. तिथल्या गावाचंही नाव नार्वेच. आधी लिंगाचा दगड विहिरीच्या कामाला जुंपला होता, तिथून तो रात्री पळवला, असं जुनी माणसं सांगतात.

पलीकडच्या या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 च्या नोव्हेंबरात करवला. त्याचा शिलालेख देवळाच्या दारावर आहे. महाराष्ट्रातून येणारे बरेच जण तेवढा लेख वाचून, फोटो काढून डिचोलीच्याच रस्त्याने परत जातात. खाली धक्क्यावर यावं. समोर दिवाडी दिसते, मध्ये नदीचा अरुंद पट्टा आणि एक फेरीबोट. देव ज्या पाण्यातून गेला ते पाणी पाच-दहा मिनिटांत ओलांडता येतं. 2023 मध्ये या देवळाचं राज्य सरकारने केलेलं नूतनीकरण पूर्ण झालं.

पिएदादच्या टेकडीवरही थर आहेत. चर्चच्या दफनभूमीतल्या चॅपेलचं कोरीव छत जुन्या देवळाचं असल्याचं मानतात. इथेच 1676 मध्ये जन्मलेले जाकोमे गोन्साल्विस पुढे श्रीलंकेत धर्मोपदेशक म्हणून गेले आणि त्यांनी सिंहली भाषेत इतकं लिहून ठेवलं की त्या भाषेच्या कॅथलिक साहित्याचा आरंभ त्यांच्यापासून मोजतात. बेटावरचा माणूस परदेशी जातो तो काही हल्लीच नाही.

हद्दीचे झेंडे

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीत बोंदेराम असतो, आणि त्या एका दिवशी फेरीबोटीला श्वास घ्यायला जागा नसते. चित्ररथ, बँड, रंगवलेले चेहरे, बिअर. मूळ भानगड जमिनीची. वाड्यावाड्यांत हद्दीवरून मारामाऱ्या व्हायच्या, म्हणून पोर्तुगीज सत्तेने हद्दीवर झेंडे रोवले. लोकांनी ते झेंडे उपटून फेकले. आजची मिरवणूक त्या उपटण्याची नक्कल आहे. पूर्वी दगड फेकत, आता बांबूच्या नळीतून रानफळं उडवतात. या खेळण्यातल्या बंदुकीला फोटाश म्हणतात आणि तिच्या फळाचा पोटरीवर बसलेला मार दुसऱ्या दिवशीही जाणवतो.

त्या गर्दीत शेताचा विचार कुणी करत नसेल, पण हा सण भात पोटरीवर येण्याच्या दिवसांत पडतो. पावसाळ्यातल्या गोव्यात नव्या कणसांच्या पूजेचे दिवस हेच : चर्चमध्ये कणसं आशीर्वादाला नेतात, हिंदू घरांत नव्याचं कणीस देव्हाऱ्यावर बांधतात. पंधरा ऑगस्टच्या मरियेच्या सणाला कॅथलिक घरांत हळदीच्या पानातल्या पातोळ्या वाफेवर असतात, श्रावणात हिंदू घरांतही त्याच. वाटलेल्या तांदळाचा थर, आत गूळ-खोबरं, आणि पानाचा वास.

कार्निव्हालच्या तीन दिवसांत बेटावर पोटेकार फिरतात. मुखवटे, गोणपाट, जनावरांच्या घंटा. मुलं किंचाळत पळतात आणि पुन्हा बघायला येतात.

अकराची पेज

बाहेरून येणाऱ्याला गोव्याचं जेवण म्हणजे तळलेला मासा आणि काजूची फेणी. दिवाडीतलं खरं जेवण सकाळी अकराच्या सुमारास, शेतातून वर आल्यावर, एका वाडग्यात असतं. उकड्या तांदळाची पेज. भात कापून, झोडपून झालं की ते तांब्याच्या भांड्यात उकडायचं आणि मग चटईवर उन्हात वाळवायचं. उकडल्याने दाणा गिरणीत तुटत नाही, साठवणीत टिकतो आणि पोटात जास्त वेळ राहतो. उन्हात कमरेतून वाकून काम करणाऱ्याला पॉलिश केलेल्या तांदळाचा भात दुपारपर्यंतही पुरत नाही.

पेजेबरोबर जे असतं ते बहुतेक मागच्या हंगामाचं. मिठात मुरवलेली कैरी, भाजलेलं खारं, सुक्या सुंगटांची किसमूर, नाहीतर रात्रीची आटवलेली शिळी हुमणकढी, जिची चव ताज्या कढीला कधी येत नाही. या वाडग्यात मीठ आहे, खाडी आहे, भात आहे. सगळी खाजन जमीन त्यात उतरलेली.

दुपारच्या जेवणात घरं वेगळी होतात. हिंदू घरात कढीला कोकमाची सोलं, कॅथलिक घरात माडाचं व्हिनेगर हाताशी. सणाला एकीकडे खतखतं, दुसरीकडे सोरपोतेल आणि माडाच्या सुरेने फुगवलेली सान्नां. काळुंद्र मात्र दोन्हीकडे रव्यात घोळून तळतात, आणि ते खाणाऱ्याची परीक्षा काट्यांत होते. मासा पोंयीतला की नदीतला, हे चवीवरून सांगणारे लोक आहेत. त्यांच्याशी वाद घालू नये. कापणीनंतर ओलावा असतो तोवर खेरीच्या जमिनीत अळसांदे, तांबडी भाजी, मुळा, मिरची निघते. अळसांद्यांची तोणाक आणि सायकलवरून भोंपू वाजवत आलेल्या पोदेराचा गरम पाव, एवढ्यावर हिवाळ्यातली न्याहारी होते.

हे सगळं विकत मिळणाऱ्या जागा बेटावर थोड्याच आहेत. जुन्या घरांत चाललेली मोजकी हॉटेलं, काही तावेर्नं, फेरीजवळची चहाची टपरी. पेज हॉटेलच्या कार्डावर अजून तरी फारशी आलेली नाही. येईल, आणि महाग येईल.

पूल

दिवाडीवरून कोकण रेल्वे जाते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मार्गाची आखणी झाली तेव्हा गोव्यात मोठं आंदोलन झालं, आणि खाजनांचं काय होणार हा त्यातला एक मुख्य आक्षेप होता. 1998 पासून मुंबई-मंगळूर गाड्या बेटाच्या शेतांवरून भरधाव जातात. इथे स्थानक नाही. रत्नागिरीहून मडगावला निघालेला प्रवासी मांडवीचं पाणी, मधली हिरवी शेतं, पुन्हा पाणी असं पाहतो आणि आपण एक अख्खं बेट ओलांडल्याचं त्याला कळतही नाही.

माणसांसाठीचा रस्त्याचा पूल ही दर निवडणुकीत उजळणारी मागणी. रात्री कुणाला कळ आली, बाळंतपण अडलं, तर फेरीची वाट पाहणं काय असतं हे ज्यांनी सोसलंय, त्यांना बेटाच्या शांततेचं कौतुक ऐकवणं निर्लज्जपणाचं आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी. पणजीपासून हाकेच्या अंतरावर, नदीकाठची, टेकडीवरून दिसणारी जमीन. पूल झाला की तिचा भाव काय होईल हे दिल्ली-मुंबईच्या गिऱ्हाइकाला दिवाडीकरापेक्षा आधी कळतं. आजच बाल्कांव असलेली घरं दलालांच्या याद्यांत आहेत. फेरीबोट हीच बेटाची मानस, असं म्हणायचा मोह होतो. पण मानस गावाने बांधली होती, फेरी नदी परिवहन खात्याची आहे, आणि ती बिघडली तर गावाला फक्त वाट पाहता येते.

जाणाऱ्याने हंगाम बघून जावं. शेती पाहायची तर जुलैत, गमबूट घालून; तेव्हा लावणी चालू असते आणि बांधावरून चालताना पाय कुठे ठेवायचा हे शेतकऱ्याला विचारावं लागतं. मासळीसाठी डिसेंबरनंतरची पौर्णिमा किंवा अमावास्या, आणि ओहोटीची वेळ आदल्या दिवशी धक्क्यावर विचारून ठेवावी. मानशीवर जाळं ओढलं जातं तिथेच सुंगटांचा सौदा होतो. अर्धी टोपली पणजीच्या बाजाराला जाते, अर्धी वाड्यावरच वाटून संपते.